हौदातला रोहू आणि चांदवडचे पाहुणे

ऐंशीच्या दशकातला श्रावण. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली माझी बॅचलर क्वार्टर. आणि बाथरूमच्या हौदात तीन किलोचा जिवंत रोहू!

त्याचं असं होतं, पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून दारणा नदीच्या बंधाऱ्यावर मासेमारी बंद असायची. ती उघडायची नेमकी श्रावणात. अख्खी कॉलनी ज्या महिन्यात वरणभात आणि पुण्याईवर जगते, त्या महिन्यात आमचा सीझन सुरू! हे वेळापत्रक ज्यानं ठरवलं, त्याला घरात विचारणारं कुणी नसावं.

आमची टोळी तिघांची. बॉयलरवरचे सोनवणेमामा, स्टोअरमधला बोरसे आणि मी. पहिल्या दिवसाचे नियम मामांचे… पहाटे काठावर नारळ फोडायचा, पहिला गळ मामांनीच टाकायचा, आणि सीझनचा पहिला मासा विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. तिघांनी एका पंगतीत बसून खायचा. नाहीतर म्हणे वर्षभर गळाला नुसतं शेवाळ लागतं.

पण खायचा कधी? मामींनी बजावलं होतं, श्रावणात घरात एक खवला दिसला तरी मी माहेरी निघाले. बोरसेची आई तर तो घरी आला की त्याच्या हाताचा वास घ्यायची. मोकळीक काय ती पोळ्यानंतर आणि गणपती बसायच्या आधी, दोन-तीन दिवस. तोवर मासा जिवंत ठेवायचा. आणि तिघांत घरी विचारणारं कुणी नाही असा प्राणी एकच… मी.

त्या वर्षी कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंगाच्या गोळीवर मामांना हा रोहू लागला. गोडेतेलाच्या डब्यात पाणी भरून, शेपूट बाहेर, असा त्याला स्कूटरवरून माझ्याकडे आणला. तेव्हापासून मी बादलीनं आंघोळ करायचो आणि साहेब हौदात. रोज पाणी मी बदलायचो. आईवडिलांची एवढी सेवा केली असती तर नाव निघालं असतं.

आता खरी भानगड. काकांनी माझ्यासाठी चांदवडचं एक स्थळ बघितलं होतं. मुलगी मला मनापासून आवडली होती, पण घर माळकरी, आणि होकार अजून यायचा होता. बैठकीत काकांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "आमचा पोरगा अंड्यालासुद्धा शिवत नाही." मी तेव्हा पोहे खात होतो, ते तसेच खात राहिलो.

रविवारी दुपारी दार वाजलं. दारात मुलीचे वडील, आई आणि ती स्वतः! नाशिकरोडला तिची टायपिंगची परीक्षा होती, तर म्हणे जाता जाता मुलाचं घर बघून घेऊ.

वडील खुर्चीत टेकले. "पाय धुते हं जरा," म्हणत आई आत वळल्या, मागोमाग मुलगी. मी "थांबा, थांबा, पाणी आणून देतो" म्हणेपर्यंत आतून तांब्या पडल्याचा आवाज… मग "अगं बाई!"

धावत गेलो. बघतो तर आई हौदापुढे हात जोडून उभ्या!

"अहो, इकडं या! श्रावणात साक्षात मत्स्यावतार! आणि पोरानं किती जपलाय बघा!" पिशवीतून हळदीकुंकवाची डबी निघालीसुद्धा.

मुलगी मात्र वाकून माशाकडे बघत होती. फार जवळून. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रोहूच्या ओठाला गळाचं चांगलं टपोरं भोक होतं, आणि ते तिला दिसलं होतं. तिनं एक शब्द काढला असता तर माझं लग्न तिथंच बुडालं असतं.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "याच्या ओठाला लागलंय गं. तिथं जरा जास्त हळद लाव."

मी भिंतीला टेकलो.

नेमके त्याच वेळी सोनवणेमामा माशाला घालायला पेंड घेऊन आले. हळदीकुंकू लावलेला आपला रोहू बघून त्यांचा जबडा जो पडला तो पडलाच. त्यात आईंनी जाहीर केलं, "याला आजच गोदावरीत सोडायचं. जावईबापूंच्या हातानं."

जावईबापू! मला धक्क्यावर धक्के.

मामा माझ्या कानाशी फुसफुसले, "आरं, सीझनचा पहिला मासा हाय त्यो! लय वाईट होईल, सांगून ठेवतो."

"मामा, तुम्ही पण चला ना," मुलगी एकदम म्हणाली. "त्याला इथवर आणायला तुम्हीच कष्ट घेतले असतील."

गोदावरीपर्यंत डबा मामांनीच धरला. रोहू पाण्यात दिसेनासा झाला तरी ते बघत उभे होते. स्वतःच्या मुलीला सासरी पाठवतानासुद्धा त्यांचा चेहरा एवढा पडला नव्हता. दसऱ्यापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

लग्नानंतर मी बायकोला विचारलं, "तुला सगळं कळलं होतं, मग बोलली का नाहीस?"

"हौदातलं पाणी स्वच्छ होतं," ती म्हणाली. "तुझ्या अख्ख्या घरात तेवढंच काय ते स्वच्छ होतं. म्हटलं, जिवंत जिवाची काळजी घेता येते याला. बाकीचं शिकवू."

बाकीचं अजून शिकवणं चालू आहे… पण हौदभर पाण्याच्या भरवशावर एका बाईनं माझ्याशी संसार मांडला, या धक्क्यातून मी आजही सावरलेलो नाही. सावरायचंही नाहीये.