राखेने घासलेली नळी

माझी अक्कल कशी पाजळली आणि कशी विझली, ते आज सांगूनच टाकते. हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका!

मी उमेळे गावची. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. त्यामुळे नात तन्वी कॉलेजात प्रयोग करायला लागली, तेव्हा दटावूनच विचारलं, "नक्की काय करतेस गं?"

"आजी, आपल्या शेगडीतल्या गॅससारखा वायू हवेबरोबर काचेच्या नळीत तापवायचा, किती वेळात जळतो ते मोजायचं. सुरुवात करून द्यायला दुसरं एक रसायन, अगदी थोडं."

"म्हणजे विरजण!"

पोरगी बघतच राहिली. "आणि नळीच्या आतल्या भिंतीवरही बरंच..." ती पुढे सांगत होती, पण माझं लक्ष कुठे? मी विरजणावरच खूश!

प्रयोगशाळेला रंग लागणार, म्हणून तिने नळी टॉवेलात गुंडाळून घरी आणली. सोमवारी मॅडमना शेवटचे आकडे दाखवायचे होते. मी टॉवेल उघडला. शी! आतून पिवळट, ओशट. मॅडम काय म्हणतील, यांच्याकडे भांडी घासत नाहीत? काठीला काथ्या बांधला, मागच्या दारच्या चुलीतली राख घेतली आणि अशी घासली, की काच आहे की नाही कळेना!

सोमवारी फोन. "आजी, वायू जळतच नाहीये!"

"विरजण वाढव."

"दुप्पट घातलं!"

"मग शिळं असेल." बघा, सल्ला द्यायला मी कशी तयार!

"नवी बाटली फोडली गं. नळीला कुणी हात लावला होता का?"

"हात? लख्ख घासलीय मी राखेने! आरसा!"

पलीकडून रडका आवाज. "आजी, महिनाभर वायू जाळून जाळून भिंत मुरवली होती मी. आता राखेतला खार बसलाय काचेला, तो जळणं सुरूच होऊ देत नाही. सगळं पहिल्यापासून!"

पुढे मॅडमनी मुदत वाढवली, म्हणून वाचले. पण तेव्हा फोन स्पीकरवर होता, आणि ओट्यापाशी सूनबाई पदराआड हसत होत्या.

"आई, तुमच्या मुरलेल्या बिडाच्या तव्याला मी साबण लावला, तेव्हा चार दिवस बोलला नव्हता माझ्याशी. आता स्वतःशी किती दिवस अबोला?"

"आठ!" मी ठणकावलं.

दहाव्या मिनिटाला मीच मला म्हणाले, 'काही म्हण, घासली मात्र लख्ख होती हो!'