आखाजीचा उजेड

धुळ्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली. माझी बॅग वर चढवताना आबांनी, माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "इतल्या दूर तुले लेवाले कसा येऊ व माय?"

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीला सासरहून आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मला भाऊ नाही. जळगावच्या होस्टेलवर होते तेव्हा दर आखाजीला आबाच दारात उभे. "लग्नाआधीच सासुरवाशीण!" म्हणून मैत्रिणी चिडवायच्या. मी वरवर रागवायचे, पण मनातून फुलायचे. आता आकाशाचा अभ्यास करायला इंग्लंडला निघाले होते, तिथे कोण येणार होतं?

गावी राहिलेल्या तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, नेमकी आखाजीलाच का येत नाहीस? अहो, अंधुक तेजोमेघाचा, ताऱ्यांमधल्या चमकत्या ढगाचा, फोटो काढायचा तर चंद्राची लुडबुड नको. अक्षय्य तृतीयेची कोर नखाएवढी, तीही लवकर मावळते. तुमच्याकडे झोके बांधले जातात तेव्हाच माझी दुर्बिणीची पाळी! दरवर्षी फोनवर नाही म्हणायचे. आबा "बरं" म्हणायचे. त्या "बरं"चीच मला धास्ती. मी परकी झाले, असं तर त्यांनी धरलं नसेल?

दुर्बीण ऑस्ट्रेलियातल्या डोंगरावर, आणि मी इंग्लंडमध्ये भरदुपारी चहा पीत कॉम्प्युटरवरून तिला हलवायचे. एका आखाजीला पहिला फोटो आला तो निव्वळ काळा, चार ठिपक्यांचा. दुसराही तसाच. मग सगळे एकावर एक रचले आणि त्या काळ्यातून पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी हळूहळू वर आलं. एवढं मोठं, आणि इतकी वर्षं तिथेच होतं! चहा निवून गेला.

गावी आबांच्या शेजारच्या नानांकडे फोन लावून आबांना बोलावलं. मागे आखाजीच्या गौराईची गाणी चालली होती. मी म्हणाले, "आबा, आज माझ्या फोटोत जो उजेड आला, तो हजारो वर्षांपूर्वी निघालेला, आज पोचला."

आबा म्हणाले, "मंग त्याले लेवाले कोन गयं?"

"मीच."

"मंग यंदानी मुऱ्हाळी तूच शे. बठ्ठास्ले सांगस मी." आणि खरंच, फोन हातात धरूनच ते अंगणातल्या सगळ्या बायकांना ओरडून सांगू लागले. मी इकडे रडत होते.

आता आबा नाहीत. माझ्यासारखे लांब गेलेले विचारतात, तुझं घर कुठलं? मला त्या दिवशीचं अंगणच आठवतं. आखाजीला मी अजून दुर्बीण लावते. कुणीतरी केव्हाचं निघालेलं असतं, त्याला आणायला जायला हवं.