उर्बानुने न मोजलेली पिल्लं

पोर्तुगालच्या पीकू बेटाच्या दक्षिण काठावर उर्बानु गार्सियाच्या नजरेला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. देवमाशांची शिकार चालू होती तेव्हा सव्वीस वर्षं तो कड्यावरच्या टेहळणीच्या खोलीत बसला. भिंतीत आडवी फट, फटीत दुर्बीण, दुर्बिणीमागे उर्बानु. समुद्रात फवारा दिसला की तो दारूचा बाण उडवायचा, आणि गावातले पुरुष हातातलं कुदळ-फावडं टाकून होड्यांकडे पळत सुटायचे. एक नवरदेव तर लग्नातून पळाला होता. त्याच्या बायकोने ते त्याला पुढे चाळीस वर्षं ऐकवलं.

शिकार बंद झाली, बाण गेले, खोली राहिली. मग विद्यापीठाने तिथे उर्बानुलाच पुन्हा बसवलं, या वेळी नुसतं मोजायला. नर किती, माद्या किती, पिल्लं किती, असे तीन रकाने. हे काम लिस्बनच्या बेनेदिताबाईंचं. गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचं आणि आपण औषधाच्या डॉक्टर नाही असं त्यांनी समजावून सांगूनही त्यांच्याकडे गुडघे दाखवायला जायचं. नऊ वर्षांत उर्बानुने एक दिवस चुकवला नाही, आणि पिल्लांच्या रकान्यात शून्याशिवाय काही लिहिलं नाही.

बाईंनी ती शून्यं अहवालात घातली. वरच्या साहेबांनी अहवाल चक्क वाचला. इथे पिल्लं नसतात, तर गावासमोरचं पाणी राखून ठेवायचं कशाला, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यापासून जलद बोटी वळसा न घालता सरळ त्यातूनच जाणार होत्या.

हे सांगायला बाई स्वतः कडा चढून आल्या. दम खात असताना त्यांनी सहज दुर्बिणीला डोळा लावला.

“उर्बानुकाका, त्या मादीच्या कुशीला काय आहे?”

“कुठे?”

“तुम्ही बघताय तिथेच.”

“मादी आहे. एक.” त्याने माद्यांच्या रकान्यात रेघ मारली.

“आणि तिला चिकटून?”

उर्बानुने दुर्बिणीची काच पुसली. पुसायची काही गरज नव्हती. “ते सांगायचं नसतं,” तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकसष्ट साली त्याने एका लेकुरवाळ्या मादीवर बाण उडवला होता. होड्यांनी तिला मारून ओढत आणलं. पिल्लू शेजारून पोहत धक्क्यापर्यंत आलं आणि तीन दिवस तिथेच घुटमळलं. चौथ्या दिवशी ते नव्हतं. उर्बानु काही हळव्या मनाचा माणूस नव्हे. चारशेवर देवमासे त्याने मरणाच्या दारी पोचवले आणि रोज घोरत झोपला. पण ते तीन दिवस त्याला सोसले नाहीत. तेव्हापासून पिल्लू दिसलं की त्याचे डोळे जायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचा, “समुद्र कोरा.”

“पण आता कोण मारतंय, काका?”

“सांगितलं की बोटी सुटतात, बाई. तेव्हा भाले घेऊन, आता पर्यटक, कॅमेरे घेऊन. पिल्लाला त्यातला फरक कळतो का, ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगावं.”

“ज्यांना वाचवायला तुम्ही लपवलंत, त्यांच्याच अंगावरून आता बोटी जाणार आहेत.”

उर्बानुने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. मग “असं होय,” म्हणाला.

उपाय एकच होता. पिल्लं दिसत होती, आपण लिहिली नाहीत आणि का लिहिली नाहीत, हे कागदावर सही करून द्यायचं. तो कागद गावच्या सभेत वाचला जाणार होता.

“का, ते नाही लिहिलं तर?”

“तर म्हणतील, म्हाताऱ्याला आता भास व्हायला लागले.”

सगळी अडचण त्या ‘का’मध्ये होती. शिकारीच्या काळात कोरा म्हणून सांगितलेला समुद्र कोरा नव्हता, हे गावाला कळणार. बाणाची वाट बघत शेतात ताटकळलेले पुरुष अजून जिवंत होते, आणि त्यांतला पहिला दर रविवारी उर्बानुच्याच घरी जेवायला यायचा.

तो गास्पार, उर्बानुच्या बायकोचा, झुल्मीराचा, थोरला भाऊ. वीस वर्षं त्याने होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, उभं राहून भाला फेकला होता आणि नंतर तेवढीच वर्षं तो कसा फेकला ते सांगत होता.

“दाजी, चेहरा का असा? सूपमध्ये मीठ कमी पडलं म्हणून कोणी मरत नाही,” गास्पार मक्याची भाकरी मोडत म्हणाला.

उर्बानुने सांगून टाकलं. गास्पार चावत राहिला.

“म्हणजे समुद्र कोरा नसायचा.”

“कधीकधी नसायचा.”

“किती वेळा?”

“एकतीस.” लिहिलं नव्हतं, पण विसरलाही नव्हता.

चुलीपाशी झुल्मीराचा हात थांबला. “आणि अडुसष्ट साली?” तिने विचारलं.

त्या उन्हाळ्यात सात आठवडे बाण उडाला नव्हता. गास्पार-झुल्मीराचा सगळ्यांत धाकटा भाऊ लाउरिंदू गास्पारच्याच होडीवर वल्ही मारायचा. एकवीस वर्षांचा होता. या समुद्रात आता काही उरलं नाही, म्हणाला आणि अमेरिकेला गेला. आईच्या मातीलाही त्याला येता आलं नाही. तो गेला त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली होती.

“अडुसष्ट साली सहा माद्या होत्या,” उर्बानु म्हणाला. “सगळ्या लेकुरवाळ्या.”

गास्पारने भाकरी खाली ठेवली. “सही करू नका, दाजी. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

“करणार आहे.”

“मग आधी त्याला कळू द्या. चारचौघांकडून कळायला नको.”

झुल्मीराने हात पुसले, पाठ असलेला नंबर फिरवला आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला.

“लाउरिंदू, मी उर्बानु,” तो म्हणाला. “कोणी मेलं नाही. तू गेलास त्या उन्हाळ्यात समुद्र कोरा नव्हता. मला दिसत होत्या. मी सांगितलं नाही. पिल्लं होती बरोबर.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“किती पिल्लं?” लाउरिंदूने विचारलं.

“सहा.”

“मोठी झाली असतील आता.”

“झाली असतील,” उर्बानु म्हणाला.

“ताईला द्या,” लाउरिंदू म्हणाला.

झुल्मीराने रिसीव्हर घेतला आणि नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. उर्बानुने सूपची वाटी बाजूला सारून कागद उघडला आणि सही केली. खिडकीतून वारा येत होता. शाई वाळेपर्यंत कागदाची दुसरी कड गास्पारने धरून ठेवली.