वरच्या मजल्याचं नवं कुलूप

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना माझ्या ठाण्यात आलेलं एक प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, परदेशीपुरा वस्तीतल्या एका घराच्या वरच्या मजल्याला लागलेलं कुलूप, एवढंच ते होतं.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बाई प्रवासाची बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा मुलगा आमच्या हेड कॉन्स्टेबलशी, म्हणजे हेडसाहेबांशी, हुज्जत घालत होता. हेडसाहेब त्याला इथल्या हिंदीमिश्रित मराठीत नेहमीचं वाक्य ऐकवत होते, "भिया, मकान-मालक आणि किरायेदाराचा मामला आहे. सिविल आहे. कोर्टात जा."

"जातो ना साहेब. पण तोपर्यंत आईला ठेवू कुठे?"

मी मायलेकांना आत बोलावलं. मुलगा जळगावकडचा, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मायलेक नात्यातल्या लग्नाला खंडव्याला गेले होते. परत येऊन पाहतात तो दाराला नवं कुलूप. खिडकीच्या फटीतून डोकावलं तर घर रिकामं. ना पलंग, ना फ्रिज, ना भांडी. खाली राहणाऱ्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्हीच तर घर खाली करून गेलात!"

"भाडं थकलंय का?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "थकलंय. पगार उशिरा होतोय. पण घर देताना त्यांनी कबूल केलं होतं की गळकं छत नीट करून देऊ, पाण्याची वेगळी टाकी बसवू. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आईच्या पलंगाशेजारी बादली ठेवून झोपतो आम्ही. शेवटी मी म्हणालो, आधी छत करा, मग भाडं घ्या. तेव्हापासून बोलणंच बंद झालं."

विचारल्याबरोबर स्वतःची बाजू कच्ची आहे हे मान्य करणारा फिर्यादी बाकीचंही सहसा खरं सांगतो. आजींना मधुमेह होता. सोबत नेलेलं इन्सुलिन संपलं होतं, बाकीचं घरातल्या फ्रिजमध्ये राहिलं होतं. एका शिपायाला मेडिकल स्टोअरवर पाठवून आधी ती सोय केली, मग रोजनाम्यात नोंद घेतली.

मालकाला बोलावलं. तोही मराठीच. वडील गिरणीत कारकून होते, याचं हार्डवेअरचं दुकान. इस्त्रीचा शर्ट, हातात लेखी अर्ज.

"साहेब, तो खुदच सामान घेऊन गेला. वरून माझा पंखा पण नेला."

"कसा नेला?"

"लोडिंग रिक्षात."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही, मी दुकानात होतो. कुणीतरी सांगितलं."

"कुणी?"

"आता ते नाही आठवत."

बाकी प्रत्येक उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. खरं बोलणारा माणूस आठवायला थांबतो, एखादी गोष्ट बोलून पुन्हा दुरुस्त करतो. हा कुठे अडला, तर फक्त नावापाशी.

दुपारी आमच्या बीटच्या शिपायाने खबर आणली. त्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने भर दिवसा लोडिंग रिक्षा भरताना पाहिली होती. तेव्हा मायलेक गावात नव्हते. मालकाचा मेहुणा मजुरांवर ओरडत होता, "पोलोग्राउंडला पोचव जल्दी." मेहुण्याचं तिथे बंद पडलेलं वर्कशॉप होतं, हे आम्हाला माहीत होतं. पण इस्त्रीवाला साक्षीला उभा राहायला तयार नव्हता. "रोज त्यांचेच कपडे येतात साहेब," तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही.

एका महिला शिपायाला घेऊन मी मालकाच्या घरी गेलो. तो दिवाणावर बसून तीच कहाणी पुन्हा सांगू लागला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर बोटांना गुंडाळत उभी होती. मी तिला विचारलं, "ताई, वरचे लोक सामान घेऊन गेले तेव्हा तुम्ही घरात होतात?"

"तिला काय माहीत?" तो मध्येच म्हणाला.

ती आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. स्टीलचा एक डबा आणून तिने माझ्यासमोर ठेवला. आत इन्सुलिनच्या बाटल्या होत्या.

"हे आजींचं आहे. फ्रिज उचलून नेत होते, हे खराब झालं असतं. म्हणून मी काढून ठेवलं."

"तू आत जा," नवरा म्हणाला.

ती गेली नाही. "किती दिवस झाले, मला जेवण गोड लागत नाहीये," एवढंच ती म्हणाली.

मग त्याला फार विचारावं लागलं नाही. कोचिंगच्या मुलांना खोल्या दिल्या तर जास्त भाडं येणार होतं. "छत मी करणारच होतो साहेब. आणि कोर्टात गेलो असतो तर सालों लागले असते."

"लागतात, मलाही ठाऊक आहे," मी म्हणालो. "म्हणून कोर्टाचं काम मेहुण्याकडून करून घ्यायचं?"

पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमध्ये ताडपत्रीखाली सगळं सापडलं. पिठाचा डबा पिठासकट होता. देव एका टबात भांड्यांखाली दबले होते. घर सोडून जाणारी माणसं देव असे नेत नाहीत. पंचनामा केला, मालक आणि मेहुणा दोघांवर गुन्हा नोंदवला.

संध्याकाळी पंचांसमोर कुलूप उघडलं. मुलगा सामान वर चढवू लागला, आजी मात्र खालच्या दारातच थांबल्या. मालकाची बायको आत तोंड लपवून बसली होती. आजींनी हाक मारली, "बाई, घोटभर पाणी देता का?" ती पाणी घेऊन आली आणि रडायलाच लागली. आजी उंबऱ्यावर टेकल्या आणि तिलाही शेजारी बसवून घेतलं. मी गाडीकडे निघालो. तिथे पोलिसाचं काही काम नव्हतं.

मुलाला मी बजावलं होतं की छत गळतं म्हणून भाडं माफ होत नाही, तक्रार करायची रीत असते. त्याने थकबाकी हप्त्याहप्त्याने फेडली. छतही दुरुस्त झालं. पुढे त्याने आपल्या मर्जीने कारखान्याजवळ दुसरं घर घेतलं. गुन्ह्याचा निकाल न्यायालयाने यथावकाश दिला.

'सिविल मामला' हे शब्द आम्हा पोलिसांच्या सोयीचे आहेत. ते उच्चारले की समोरचा माणूस निघून जातो आणि टेबल रिकामं होतं. त्या दिवसानंतर माझ्या ठाण्यात पूर्ण हकीकत ऐकल्याशिवाय ते कुणी उच्चारले नाहीत. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. आयुष्यभर मी आरोपीचा कच्चा दुवा शोधत आलो. इथे प्रकरण उलगडलं ते त्याच घरातल्या एका बाईच्या चांगुलपणामुळे. तेव्हापासून चौकशीला कुठल्याही घरात गेलो की मोठ्याने बोलणाऱ्याच्या मागे कोण गप्प उभं आहे, तिकडे मी आधी पाहू लागलो.