खोकला कुठे येतो ते पाहून ये

आता माझ्याकडे दोन पोरं फिल्म कापायचं-जोडायचं काम शिकायला येतात. माझं वय त्यांच्याहून फार जास्त नाही, तरी ते मला मास्तर म्हणतात अन् मला इतका आनंद होतो की विचारू नका! पहिल्या दिवशी मी त्यांच्या हाती कात्री दिलीच नाही. आधी ही अकोल्याची गोष्ट सांगितली.

तेव्हा मी मुंबईच्या एका स्टुडिओत उस्तादांच्या हाताखाली नवा होतो. त्यांनी एकच तुकडा मला माझ्या मनाने जोडू दिला होता. नायिका विहिरीवरून पाणी घेऊन घरी येते, एवढाच. मी तिचं एकूण एक पाऊल ठेवलं! काय चालायची ती! कापायला हातच धजेना.

तो चित्रपट वऱ्हाडात लागला तसे उस्ताद म्हणाले, "गावी जा. पडद्याकडे बघू नकोस, लोकांकडे बघ. कंटाळलेला माणूस खोकतो. खोकला कुठे येतो, कोण कधी उठतं, ते येऊन सांग. नीट सांगितलंस तर पुढच्या चित्रपटाचं एक रीळ जोडायला तुझं." हाताखालच्या सगळ्यांनाच ते असं आपापल्या गावी धाडायचे.

अख्खं रीळ! गाडीत मला बसवेना. घरी पोचलो अन् पायातल्या चपलाही न काढता आईला सगळं सांगून टाकलं. तिथेच चुकलं.

अकोल्यात मोर्णा नदीकाठी आमचा भाजीचा मळा. संध्याकाळी आई, बाबा, वहिनी, मळ्यातले गडी-बाया अन् सगळी आळी थेटरात हजर. अन् राजेहो, कोणी खोकेच ना! शेजारच्या काकूला ढास लागली तर आईने स्वतःचा पदर तिच्या तोंडात कोंबला.

"अवं बाई, खोकू नोको! माह्या पोराची नोकरी जाईन!"

"मंग मी का जीव देऊ?"

"देजो, पण सिनेमा सरल्यावर!"

नायिका विहिरीवरून निघाली तर टाळ्यांवर टाळ्या. वहिनी उभी राहून साऱ्यांना सांगू लागली, "हे आमच्या भाऊजीनं जोडलं!" बाबा तर पडद्याकडे कमी अन् माझ्याकडे जास्त बघत होते.

असं पाहून उस्तादांना काय सांगणार, कपाळ? दुसऱ्या दिवशी कोणालाच न सांगता मी अमरावतीला गेलो. तिथल्या थेटरात मला कोणी ओळखत नव्हतं. शेजारी मोर्शीकडचे एक संत्रावाले बसले होते. विहिरीवरून बाई निघाली अन् ते उठले. त्यांच्यामागे सगळी रांगच उठली.

"काहून उठले भाऊ?" मी विचारलं.

"ते बाई आता घरी जाऊन राहिली. तिले टाइम लागते. तवरिक पान खाऊन येतो."

पान लावून आले, बसले, चुना चाटला अन् मला विचारतात, "पोचली काय?"

"नाही अजून."

"मंग घर काय परतवाड्याले हाय काय तिचं?"

मी इतका हसलो की पुढचे लोक वळून बघू लागले! तुकडा माझा होता, हे त्यांना सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

परतीच्या गाडीत हिशेब मांडत बसलो. खरं सांगितलं तर रीळ जाणार. एका गाण्यालाही दोन-चार जण उठले होते. तेच सांगितलं तर? पण स्टुडिओत पोचलो, उस्तादांनी "बोल" म्हटलं अन् माझ्या तोंडून धाडकन निघालं, "विहिरीपासून घरापर्यंत. अख्खी रांग उठली. पान खाऊन आली, तरी बाई रस्त्यातच."

"म्हणजे तुझाच तुकडा."

"हो."

"मग कुठे कापायला हवा होता?"

"घागर डोक्यावर घेते तिथे. अन् मग थेट उंबरठ्यावर ठेवते तिथून पुढे. मधलं काहीच नको!"

त्यांनी फळीवरचा एक डबा काढून माझ्यापुढे सरकवला. नव्या चित्रपटाचं तिसरं रीळ! मी झाकणाला हात लावणार तेवढ्यात ते ओरडले, "आधी हात धू, गाढवा!"

मी नळाकडे पळत सुटलो.