शमशेरचा परस

पारनेर तालुक्यात पिंपळओढा नावाचं गाव आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांना विहिरी आहेत आणि त्यातल्या बहुतेक शमशेर मिस्त्रीनं खोदलेल्या. हातावर नारळ उभा करून पाणी सांगणारे त्या भागात पुष्कळ होते. शमशेर त्यांना हसायचा. तो दगड बघायचा. वर मुरूम, मग काळा पाषाण, त्याच्याखाली हातभर जाडीचा तांबडा गेरू आणि गेरूखाली भोकाभोकांचा मांजऱ्या दगड. पाणी असायचं ते त्या मांजऱ्यात. "गेरू लागला की भाकरी सोडा," तो खालून ओरडायचा, "आता पाणी कुटं पळून जात न्हाई!"

विहीर मोजायची ती परसानं. दोन्ही हात ताठ पसरायचे, दोरी या बोटापासून त्या बोटापर्यंत ताणायची, झाला एक परस. ज्या मिस्त्रीची विहीर त्याच्या हातांचा परस, अशी रीत. शमशेर ताडमाड उंच, त्यामुळं त्याचा परस सगळ्यात लांब, भरून सहा फूट. एकदा एका ओव्हरसियरनं पट्टी लावून तो मोजला होता आणि ते ऐकून तालुक्याला पाठ झालं होतं. भाव ठरवताना लोक विचारायचे, "शमशेरचा परस ना?" मग बोलणं पुढं जायचं.

त्रेचाळीस साली पूर्वेच्या काठावरची पहिलीच विहीर खोदताना एक सुरुंग उशिरा उडाला. शमशेरच्या डाव्या कोपराचा चुरा झाला. हाड बसवणाऱ्यानं हात बसवला तो काटकोनात, आणि तो तसाच राहिला. खांदाही उतरला. चार महिन्यांनी शमशेर पुन्हा विहिरीच्या तोंडाशी उभा राहिला तेव्हा त्याचा जोडीदार छगन पाथरवट म्हणाला, "मिस्त्री, आता वर बसून सांगत जावा."

"हात वाकलाय. मी न्हाई वाकलो," शमशेर म्हणाला आणि दोरीला धरून खाली गेला. त्यानंतर पूर्वेच्या काठावर त्यानं अकरा विहिरी काढल्या.

देश स्वतंत्र झाल्यावर नगरला नवं कॉलेज निघालं, पुण्याला नवं विद्यापीठ झालं. त्या कॉलेजात मार्तंडराव मुळे नावाचे तरुण प्राध्यापक होते, भूगर्भशास्त्र शिकवायचे. वय सव्वीस. दोन उन्हाळे सायकल हाणत ते पिंपळओढ्याला आले. प्रत्येक विहिरीच्या काठावर उभे राहायचे, कठड्याला घट्ट धरून जरा डोकावायचे आणि वहीत लिहायचे. खाली कधी उतरले नाहीत. उतरायची गरजही नव्हती, कारण शमशेरला एकेक विहीर तोंडपाठ होती.

"ही बघा, अडतीस सालची. गेरू पाच परसावर."

"आणि ओढ्यापलीकडची ती?"

"ती पंचेचाळीसची. तितं सा परस."

"तुमचा परस किती फुटांचा?"

"सा फूट. कुणालाबी विचारा."

मार्तंडरावांनी गुणाकार केला. पश्चिमेला गेरू तीस फुटांवर, पूर्वेला छत्तीस. एका नाही, अकराच्या अकरा विहिरींत. एक दिवस ते सायकल आडवी टाकून धावतच आले. "मिस्त्री, या ओढ्याखाली पृथ्वी मोडलीय! पूर्वेची बाजू सहा फूट खचलीय. याला भंग म्हणतात. अशा भंगात पाणी साठतं. हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं!"

"मला वाटलंच हुतं," शमशेर खूष होऊन म्हणाला. "पूर्वंला दगड लई दांडगा. तळ गाठता गाठंना."

मार्तंडराव माणूस चांगला. त्यांनी प्रबंध लिहिला, मोठा रंगीत नकाशा काढला आणि त्याच्या खाली आपल्या नावाशेजारी लिहिलं, 'माहिती: शमशेर मिस्त्री, पिंपळओढा.' आजवर शमशेरचं नाव कुठल्या कागदावर आलं असेल तर ते तलाठ्याच्या दप्तरात. त्यानं तो नकाशा तीनदा वाचून घेतला.

एकोणपन्नासच्या डिसेंबरात नगरच्या कॉलेजात विद्यापीठाचं प्रदर्शन भरायचं होतं. कॉलेजाकॉलेजांतलं संशोधन आणि कला, सगळं तीन दिवस इथं आणि मग पुण्याला. नकाशाही त्यात होता. आदल्या दिवशी छगन बातमी घेऊन आला.

"मिस्त्री, गावानं ठराव केला. नकाशावर ती जिमीन मोडल्याची रेघ हाय ना, तिच्यावर सगळ्या गावाची विहीर धरायची. शाळेजवळची जागा. तुमच्या नावावर लोकांनी व्हय म्हटलं. संक्रांत झाली की नारळ फोडायचा."

शमशेरनं मिशीवर हात फिरवला आणि आतून सुतळीचं बंडल आणलं. बाज विणायची होती. त्यानं हात पसरून दोरी मोजली आणि कापून सरवरीपुढं टाकली. "घे, चाळीस परस."

सरवरी त्याची बायको. तिनं दोरीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "अजी, आणखी दहा काढा."

"बाजंला चाळीसच लागतात. जन्मभर चाळीसच लागले."

"तुमचे चाळीस आता चाळीस भरत नाहीत. मागची बाजही पायथ्याला उघडी राहिली. त्याच्या आधीचीही. मी गप्प बसले, म्हटलं सुतळी आवळून येते."

"मला मोजायला शिकवतीस व्हय?"

"मी कशाला शिकवू? बाज शिकवतेय."

छगन हसला. शमशेर हसला नाही. त्यानं खुंटीवरची जुनी गाठींची दोरी काढली. अपघाताआधीची, दर परसाला एक गाठ. एक गाठ उजव्या बोटांत धरली आणि दोरी डावीकडं ताणली. दुसरी गाठ डाव्या हातात यायला हवी होती. ती हाताच्या पलीकडं फूटभर लोंबत राहिली. त्यानं पुन्हा ताणली. खांदा दुखेपर्यंत ताणली. गाठ तिथंच लोंबत होती.

"सहा वर्सं," तो म्हणाला. "सहा वर्सं मी पाच फुटाला सा म्हणतोय."

छगन सरळ झाला. "म्हंजी पूर्वंला..."

"पूर्वंला सा परस म्हंजी तीस फूट. पश्चिमेला पाच परस, तेबी तीसच. जिमीन कुटंबी मोडली न्हाई, छगन. माझा हात मोडला हुता. शाळा उंचावर, तितं गेरू लई खाली; त्या रेघेवर गाव नुसता पाषाण खोदंल. माझ्या नावानं."

सकाळी तो नगरला निघाला तेव्हा सरवरी दारात आडवी आली. हैदराबादची गडबड होऊन वर्षच झालं होतं आणि बाजारात माणसं अजून एकमेकांची नावं ऐकून मग बोलायची. "दिवस बघा कसे आहेत. आपल्यातला माणूस मोठ्यानं बोलला की लोकांना दुप्पट ऐकू येतं."

"मग बरंच हाय. निम्म्या आवाजात काम हुईल."

तिनं त्याचा पटका सोडून पुन्हा नीट बांधून दिला.

कॉलेजच्या लांबड्या हॉलात टेबलं मांडली होती. शमशेर गाठींची दोरी खांद्यावर टाकून त्यांच्यामधून चालला. काणी रोगानं काळी पडलेली बाजरीची कणसं काचेखाली होती. एका बरणीत पिवळट दोऱ्यासारखा नारू होता आणि शेजारी पायऱ्यांच्या विहिरींतलं पाणी गाळून प्यायची सूचना. एका विद्यार्थ्यानं बनवलेला रेडिओ नुसता खरखरत होता, तरी गर्दी त्याच्याचभोवती. ताम्रपटाचा ठसा होता, किल्ल्याच्या खंदकाची रंगीत चित्रं होती. भिंतीवर मुलामुलींच्या कविता टाचलेल्या होत्या. पुष्पावती नावाच्या एका मुलीनं नगरच्या हातमागवाल्यांच्या छातीच्या दुखण्यावर काम केलं होतं आणि ती येईल त्याला आकडे सांगत होती. शमशेर तिच्यापाशी थांबला. "खरे हायेत का गं हे आकडे?" त्यानं विचारलं. ती फणकारली, "मी स्वतः घरोघर गेले होते, काका!" त्यानं मान डोलावली आणि पुढं गेला.

नकाशा शेवटच्या भिंतीवर होता. मध्यातून तांबडी रेघ.

"साहेब, नकाशा उतरवा," तो मार्तंडरावांना म्हणाला आणि दोरी ताणून सगळं सांगितलं.

मार्तंडरावांनी चटकन आजूबाजूला पाहिलं. गुणाकार त्यांना लगेच कळला होता. "हळू बोला. पुण्याची माणसं आलीत."

"त्यांनाच सांगा."

"मिस्त्री, प्रबंध गेलाय. माझी दोन वर्षं गेलीत त्यात. प्रदर्शन होऊ द्या, मग मी बघतो."

"संक्रांतीनंतर गाव सुरुंग लावणार. तुमी कवा बघणार?"

"मी गावाला निरोप पाठवीन."

"निरोपानं काय हुतंय? भिंतीवरच्या कागदापुढं तुमचा निरोप कोण ऐकतो?"

मार्तंडराव चिडले. "आणि लोक काय म्हणतील ठाऊक आहे? शमशेरनं परस चोरला! सहा वर्षं पाच फूट खोदून सहा सांगितले!"

विहीर खोदणाऱ्याला यापेक्षा मोठी शिवी नाही. शमशेरच्या कपाळावरची शीर उभी राहिली. पण तो ओरडला नाही. "त्यांनी म्हणायच्या आदी मीच म्हणतो," तो बोलला आणि नकाशाशेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

पहिलं माणूस आलं ते एक वकील. शमशेरनं खणखणीत आवाजात सांगितलं, "हा नकाशा चुकीचा हाय. चूक माझी हाय. माझा हात वाकला आन परस आखूड झाला, ते मला कळलं न्हाई. हितं जिमीन मोडलेली न्हाई." वकील नकाशाकडं, शमशेरकडं आणि मग मार्तंडरावांकडं पाहत पुढं गेला. मग शाळेची पोरं आली, त्यांनाही तेच. मग एक जोडपं, मग दोन मारवाडी. दुपारपर्यंत रेडिओची गर्दी इकडं सरकली.

शिपाई आला. "ए बाबा, चल, बाहेर हो."

"का म्हनून? ह्या नकाशाखाली काय लिवलंय ते वाच."

शिपायानं वाचलं. "शमशेर मिस्त्री."

"तो मीच. माझ्या नावाजवळ मी उभा हाय. नाव काडा, मी जातो. नकाशा काडा, तरीबी जातो. दोनीबी ठिवायचं आन मला काडायचं, हे जमायचं न्हाई."

एक विद्यार्थी मागून ओरडला, "पाकिस्तानात जाऊन सांग!" शमशेरनं त्या बाजूला मान वळवली. "जातो की. पर तुमच्या तालुक्यातल्या सत्तर विहिरी संगं न्यायला लागतील. धरू लाग ये." कुणीतरी फिसकन हसलं. मागवाल्यांचे आकडे सांगणारी ती मुलगी टेबल सोडून आली आणि शमशेरच्या हातात पाण्याचा पेला देऊन तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता. त्या दिवशी पुण्याचे विष्णुपंत आले, भूगर्भशास्त्राचे वयोवृद्ध प्राध्यापक, ज्यांच्याकडं मार्तंडरावांचा प्रबंध गेला होता. त्यांनी शमशेरचं सगळं बोलणं काठीवर हनुवटी टेकून ऐकलं. दोरी स्वतःच्या हातांनी ताणून पाहिली. मग म्हणाले, "मुळे, टेप आहे ना तुमच्याकडं? किती विहिरींत उतरलात?"

मार्तंडरावांनी खिशातली टेप काढून दाखवली. "एकाही नाही, सर. मला... खोल पाहिलं की डोळे फिरतात."

"उद्या फिरू द्या," विष्णुपंत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटारीनं सगळे पिंपळओढ्याला आले. छगननं मार्तंडरावांच्या कमरेला तीच गाठींची दोरी बांधली. शमशेरनं ती उजव्या हाताला दोन वेढे घालून धरली. मार्तंडरावांनी त्या हाताकडं पाहिलं.

"मिस्त्री, तो हात एकटा पुरेल ना?"

"ह्या हातानं खोटं मोजलं न्हाई अजून. त्यो दुसरा. डोळं मिटा आन गेरू हाताला लागला की उघडा."

पश्चिमेच्या विहिरीत गेरू लागला एकोणतीस फूट दहा इंचांवर. ओढा ओलांडून पूर्वेच्या विहिरीत, तीस फूट तीन इंच. मार्तंडराव वर आले तेव्हा दोन्ही तळवे तांबडेलाल होते. कठड्यावर बसून त्यांनी दोन्ही आकडे वहीत उतरवले. मग ते हात न धुताच मोटारीत बसले.

दुपारी कॉलेजच्या हॉलात त्यांनी सगळ्यांदेखत नकाशावरच्या तांबड्या रेघेवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'भंग नाही. परसाच्या मापात फरक.' अक्षर स्वच्छ होतं. "मिस्त्री, तुमचं नाव काढू का? लोक उगाच..."

"न्हाई. जितं चूक लिवलीय, तिच्या म्होरं माझं नाव लिवा. कुणी केली आन कुणी धरली, दोनीबी कळू द्या."

गावात ती बातमी त्याच्या आधी पोचली होती. चावडीपुढं पूर्वेच्या काठावरचा कानिफनाथ उभा होता. त्या अकरांतली सत्तेचाळीस सालची विहीर त्याची. "काय मिस्त्री, सा परस म्हणला आन पाच फुटांनी मोजलं व्हय? परस चोरला म्हणायचा!"

"चोरला म्हण. तोंडावर म्हणतोस त्ये बरं केलंस. पाणी आटलं का रं तुज्या विहिरीचं?"

"न्हाई आटलं."

"मग चोरीचा माल गोड लागतोय म्हण की!"

चावडीवर हशा पिकला. कानिफनाथही हसला, पण डोक्यावरून हात फिरवत. ती गोष्ट त्याच्या मनातून पुरती गेली नाही. शमशेरनंही ती जावी म्हणून काही केलं नाही.

संक्रांतीनंतर विहीर शाळेजवळ नाही, पूर्वेच्या काठावर धरली, शमशेरनं दाखवलेल्या जागी. त्यानं हात पसरून काही मोजलं नाही. काठावर खुंटी ठोकून गाठींची दोरी खाली सोडली. चैत्र संपता संपता एका सकाळी पहारीला तांबडी माती लागली. वर काठावर कानिफनाथ होता, सरवरी भाकरी घेऊन आली होती, सायकलीला टेकून मार्तंडराव होते.

"किती, मिस्त्री?" कानिफनाथनं विचारलं.

तळातून शमशेरचा आवाज दगडावर आपटत वर आला. "पाच गाठी! भरून पाच! न्हाई पटत त्यानं खाली यावं आन सोता मोजावं!"

मार्तंडरावांनी सायकल झाडाला लावली, धोतराचा काचा मारला आणि दोरी कमरेला बांधू लागले.