ओवीचा तुकडा

आबांचा आवाज मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो शिक्रापूरला, आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. ह्यांच्या कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढले होते, त्यातला एक ह्यांनी घरी आणला. यात्रेत मोबाइलवर रेकॉर्ड केलेली आबांच्या ओव्यांची अख्खी बैठक मी त्यावर चढवली. पडद्यावर निळी रेषा उमटली. ढोलाची थाप पडली की रेषा उंच उडायची, आबांनी श्वास घेतला की बारीक व्हायची.

माझे वडील म्हणजे आबा. मांडवगण फराट्याच्या शिवारात आमची वस्ती. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी ती मोडून ऊस लावला, पण बिरोबाच्या ओव्या सोडल्या नाहीत. नदीपलीकडच्या खुटबावचे आप्पा त्यांचे जोडीदार. आबांनी ओळ टाकायची आणि आप्पांनी मंडळींसह ती उचलायची, असं दोघांचं तरणेपणापासून चाललेलं.

मंडळींत नवीन गाणारे आले होते, त्यांना ओव्या पाठ करायच्या होत्या. आप्पा म्हणाले, एवढं लांबलचक कुणाला जमायचं, तुकडे करून दे. मग मी दुपारचं काम आवरलं की कॉम्प्युटरपुढं बसू लागले. कानाला हेडफोन लावायचा, ओळ कुठं सुरू होते ते शोधायचं आणि श्वासाच्या अलीकडं कापायचं. श्वास तुटला तर ऐकताना ठेच लागल्यासारखं होतं. हळूहळू हात बसला. एकेक तुकडा मी मंडळींच्या ग्रुपवर टाकत गेले. माझा धाकटा भाऊही त्या ग्रुपवर होता.

त्यातल्या एका ओवीत आबा बिरोबाचं नाव घेतात, त्याच्या घोड्याचं, काठीचं वर्णन करतात आणि मग आवाज चढवून म्हणतात, ‘माझा धनी आला माळावरी, आता भ्या न्हाई कुनाचं.’ ही ओळ उचलायला अवघड, म्हणून मी ती वेगळी कापली होती.

पुढं निवडणूक लागली. मी माहेरी गेले होते. आबा आणि मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो आणि रस्त्यानं प्रचाराची जीप आली. आधी उमेदवाराचं नाव पुकारलं आणि त्याला जोडून आबांचा आवाज आला, ‘माझा धनी आला माळावरी.’ पुन्हा नाव, पुन्हा आबा. जीप वळणापलीकडं जाईपर्यंत तेच. आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

हा उमेदवार कोण, तर ज्यानं बिरोबाच्या देवळामागच्या गायरानाला तार ओढून मेंढरांची वाट बंद केली तो. आबा आणि आप्पा त्याच्याविरुद्ध तहसीलदारापर्यंत गेले होते. काही झालं नव्हतं.

भाऊ संध्याकाळी आला. मी विचारलं, हे तू दिलंस का. तो शांतपणे जेवायला बसला.

“मी एक अक्षर बदललं न्हाई,” तो म्हणाला. “आवाज आबांचा, शब्द आबांचं. आन् कापलं तर तूच, ताई.”

आबा आत होते. त्यांनी ऐकलं असणार.

खुटबावला ती जीप गेली नाही, पण मोबाइलवर गाणं गेलं. मंडळींचे फोन येणं बंद झालं. पुढच्या बैठकीचा सांगावा आलाच नाही. शेवटी मी आबांना घेऊन आप्पांकडं गेले. अख्खी ओवी मोबाइलवर घेतली होती, सोबत छोटा स्पीकर. आप्पांनी बसायला घोंगडी टाकली, चहा केला, उसाचं, पाण्याचं विचारलं. मी म्हटलं, आप्पा, एकदा पहिल्यापासून ऐका, आबांनी कुणाचं नाव घेतलंय ते कळेल.

आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरी, गावानं जे ऐकलं ते ऐकलं. आता घरात बसून मी एकट्यानं ऐकलं तर काय व्हनार हाय?”

मी आबांकडं पाहिलं. ते म्हणाले, “चल, निघू.”

वाटेत मी चिडून बोलत राहिले. तुम्ही तोंड का उघडलं नाही, असंही म्हणाले. पुलावर आबा थांबले. मग म्हणाले, “तो आवाज माझा न्हाई, असं कसं सांगू? माझाच हाय की.”

उमेदवार निवडून आला. भाऊ त्याच्या पतसंस्थेत चिकटला. आता तो शर्ट खोचून कामावर जातो, आबांसमोरच बुटाची नाडी बांधतो. आबा त्याच्याशी भांडले नाहीत. जेवायला मात्र तो उठल्यावर बसतात. यात्रेत आप्पांनी दुसरा गाणारा उभा केला. आबा देवाला नारळ फोडून ढोल वाजायच्या आत घरी आले.

दिवाळीनंतर आबा माझ्याकडं आले. कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, माझं जे काय यात हाय ते पुसून टाक. मी नाही म्हणाले. नातवंडांसाठी राहू द्या म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

“आवाज माझा हाय ना? मग माझं ऐक.”

मी पुसलं. आधी तुकडे, मग अख्खी बैठक. मोबाइलमधलंही. नीट गेलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मग चहा मागितला.

बिरोबाचं नाव, घोडा, काठी, आप्पांनी उचललेली ओळ, यातलं आता कुठंच काही नाही. तो एक तुकडा मात्र साऱ्या तालुक्याच्या मोबाइलमध्ये आहे. परवा शिक्रापूरच्या चौकात किराणा घेताना दुकानदाराचा फोन त्याच ओळीनं वाजला. गाणं छान आहे, कुणाचं आहे माहीत नाही, असं तो मलाच सांगत होता.